येण्याची तसदी

दि. २ फेब्रुवारी

चि. बोरूस,
अ. उ. आ.

पोचल्याचं पत्र अजून आलेलं नाही. म्हणजे एक तर टपाल झोपलंय, नाही तर तू ध्यानाला बसल्या बसल्या झोपली आहेस. मला दुसरंच खरं वाटतं.

तुला तिथं मी ढकललं, तेव्हा गुडघे दुखले की शिव्या मलाच पडणार हे गृहीत धरलंय. पण निवृत्त झाल्यापासून तुझं जे चाललं होतं ते बघवेना. छाती जड होते, श्वास पुरत नाही, आणि डॉक्टर तपासून सांगतात की काही झालेलं नाही. अगं, सदतीस वर्षं कोर्टात बसून लोकांच्या साक्षी लघुलेखनात उतरवून घेतल्यास, आता स्वतःचं काही उतरव. अठ्ठावीस दिवस सकाळी ध्यान, दुपारी लिखाण, बोलणं बंद, फोन बंद, पत्रं मात्र चालतील, असं त्यांच्या माहितीपत्रकात वाचलं आणि म्हटलं, ही जागा आपल्या बोरूसाठीच काढलीय. आईने तुला हे नाव ठेवलं ते उगाच नाही. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, आणि तू सात वर्षांची झाल्यापासून तिचा लिहिता हात तूच होतीस.

तर आता आईवर लिही. तिचं शिवणाचं मशीन, तिचे गिऱ्हाइकांशी वाद, सगळं येऊ दे. एकच अट आहे, मला सांभाळून घ्यायचं नाही. आई अंथरुणाला खिळत चालली होती, आणि नर्सिंग शिकलेली थोरली लेक एका दिवसाच्या प्रवासावर असून आली नाही, हे स्वच्छ लिही. शेहेचाळीस वर्षं मी ते उराशी घेऊन बसले आहे. छापून आलं तर उलट बरंच वाटेल.

डोळ्याचं ऑपरेशन वीस तारखेला ठरलंय. शेजारचे भूगोलाचे मास्तर रोज चौकशीला येतात आणि चहा पिऊन जातात. चौकशी कमी, चहा जास्त.

लोभ आहेच, ध्यानात त्याला डुलकी लागू देऊ नकोस.
तुझी,
ताई


दि. ६ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

इथलं टपाल गुरुवारी धोब्याच्या गाडीतून जातं. मळक्या चादरी आणि पत्रं एकदमच बाहेर पडतात, म्हणून उशीर झाला.

जागा चांगली आहे. सुताचं जुनं गोदाम झाडून-पुसून त्याचा हॉल केलाय. आम्ही सव्वीस जण ओळीने उशांवर बसतो. माझ्या डावीकडे एक दंतवैद्य आहे. तो श्वास घेतो की दाढ कोरतो ते भंतेजींनाही कळत नसावं. भंतेजी ठेंगणे आहेत, चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली. ते फारसं शिकवत नाहीत. मन पळालं की परत श्वासावर या, एवढंच रोज सांगतात, आणि आम्ही रोज नव्याने ऐकल्यासारखं ऐकतो. माझं मन पळत नाही गं. ते एकाच जागी जाऊन बसतं.

लेखनाच्या बाई वेगळ्याच. त्यांनी वर्तमानपत्रात वीस वर्षं मृत्युलेख लिहिले. त्यांची रीत अशी, की दुपारी एक पान लिहायचं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ध्यानात त्यातलं एकेक वाक्य मनात म्हणायचं, एका उच्छ्वासाला एक वाक्य. ज्या वाक्याला श्वास अडेल त्याखाली रेघ मारायची. ते वाक्य खोटं असतं किंवा अर्धं असतं, असं बाईंचं म्हणणं. दंतवैद्याच्या वहीत म्हणे रेघाच रेघा आहेत.

तू म्हणालीस म्हणून मी आईवरच घेतलं. 'आई मशीनवर बसून पत्र सांगायची' इथपर्यंत श्वास सुरळीत जातो. पुढचं वाक्य आहे, 'आणि ती सांगेल तसं मी लिहायची.' तिथं तुटतो. आज दुसरा दिवस.

जाऊ दे. मी परतले की मशीन तुझ्याकडे पाठवायचं बघते. दर वर्षी सांगते आणि दर वर्षी तू नाही म्हणतेस. आईची एवढी एक वस्तू तरी तुझ्या घरी असू दे. डोळ्यांना जप, वाफाळत्या भांड्यावर वाकू नकोस.

लोभ आहे तो असाच राहावा, असं आज जरा जास्तच वाटतंय.
तुझी,
बोरू


दि. ९ फेब्रुवारी

चि. बोरूस,
अ. उ. आ.

पत्र वाचून मास्तरांनाही दाखवलं. ते म्हणाले की दंतवैद्याचं एक स्वतंत्र पुस्तक व्हायला हवं.

तुझं ते अडलेलं वाक्य मला काही कळलं नाही. आई सांगेल तसंच लिहायचीस की तू! वेलांट्या तेवढ्या पतंगासारख्या भलत्या दिशेला जायच्या. मी किती दुष्ट होते गं. वसतिगृहात तुझं पत्र आलं की लाल पेन्सिल घेऊन बसायची, चुकांखाली रेघा मारायची आणि तेच पत्र परत धाडायची. एकदा सतरा चुका काढून खाली लिहिलं होतं, की आईने आता दुसरा लिहिणारा शोधावा. तेरा वर्षांच्या पोरीला हे लिहायचं? आठवलं की कानाच्या पाळ्या तापतात.

मशीनचं नाव काढू नकोस. आई गेली त्या दिवशीच मी ठरवलं, की जी वेळेला आली नाही तिने आईच्या वस्तूला हात लावायचा नाही. पाणी तू दिलंस, पाठ तू चोळलीस, मशीन तुझंच. बोरूबहाद्दर, निमूटपणे लिही, आणि वाक्य अडलं तर ढकल.

लोभाची काळजी नको, तो कुठं जात नाही.
तुझी,
ताई


दि. १३ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र परवा हातात पडलं. ऑपरेशनला अजून आठवडा आहे, तोवर हे पोचेल. दार लावून, भिंग घेऊन, एकटीने वाच.

आई सांगेल तसं मी लिहायची, एकदा सोडून. ते एकदा म्हणजे तुला आलेलं शेवटचं कार्ड.

त्या दुपारी आई गणवेशांच्या कॉलरना टाके घालत होती. खोकल्याची उबळ आली तशी तिने मशीन थांबवलं आणि मला कार्ड घ्यायला सांगितलं. तिने सांगितलेलं मला आजही शब्दन् शब्द पाठ आहे. मोठीला लिही, खोकला काही हटत नाही, आठ दिवसांची रजा काढ आणि ये, तुला बघावंसं वाटतंय गं. हा 'गं'सुद्धा लिही, म्हणाली होती.

तुझ्या सतरा चुकांचं पत्र आदल्याच दिवशी आलं होतं. मी आईला खोटंच सांगितलं होतं की ताईने अक्षराचं कौतुक केलंय. आणि ताई, खरं सांगते, तू आलीस की मी घरात कुणीच उरायची नाही. आई तुझा हात धरून बसायची, मी पाणी भरायची. मला तू यायला नको होतीस. त्याच आठवड्यात शाळेत औपचारिक पत्र शिकवलं होतं, त्यातला एक भारदस्त शब्द मला फार आवडला होता. मी लिहिलं, 'आईची प्रकृती उत्तम आहे. आपली ड्यूटी महत्त्वाची. येण्याची तसदी घेऊ नये.' अगदी सावकाश, एकही चूक न करता लिहिलं.

मग आई म्हणाली, वाचून दाखव. मी कार्ड समोर धरलं आणि तिने सांगितलेलंच तिला म्हणून दाखवलं. 'गं'सकट. ती म्हणाली, छान लिहितेस हो बोरू. मग नेहमीप्रमाणे खाली एक उभी रेघ आणि वर बारीक नेढं, अशी सुई काढली. तीच तिची सही. माझ्या खोट्याखाली तिची सही आहे.

त्यानंतर अकरा दिवस ती खिडकीपाशी मशीनवर बसून होती. उठवत नव्हतं तरी बसायची. कोपऱ्यावर गाडी थांबली की मशीन थांबायचं. गाडी गेली, कुणी उतरलं नाही, की पुन्हा सुरू व्हायचं. मी आत बसून ते ऐकायची. अजून एक कार्ड लिहिता आलं असतं, तार करता आली असती. पण मग पहिलं कार्ड उघड झालं असतं, म्हणून गप्प बसले. बाराव्या दिवशी मशीन सुरूच झालं नाही.

तू आलीस, उंबऱ्यात कोसळलीस, स्वतःला बोल लावत राहिलीस. मी जवळ उभी होते. तेव्हाही बोलले नाही, आणि नंतर शेहेचाळीस वर्षं नाही. तू मला आईचं सगळं करणारी म्हणून मिरवलंस आणि मी मिरवून घेतलं. हजारो साक्षी जशाच्या तशा उतरवल्या, एकाही शब्दाला धक्का लावला नाही. साहेब म्हणायचे, बाईंची नोंद म्हणजे दगडावरची रेघ. मी मान खाली घालून ऐकायची. मला एकच कळलं नाही. ते कार्ड तू कधीच कुणाला दाखवलं का नाहीस? आईनेच नको म्हटलं होतं, एवढं म्हणाली असतीस तरी सुटली असतीस.

माफी मागायला तोंड नाही. तू लिहायला सांगितलंस की थोरली आली नाही. ते मी लिहिणार नाही. धाकटीने येऊ दिलं नाही, असं लिहिते आहे. आज सकाळी हे वाक्य म्हणून पाहिलं, श्वास पूर्ण गेला.

लोभ मागायचा हक्क आता तुझ्याकडे सोपवते.
बोरू


दि. १७ फेब्रुवारी

आ. धाकट्या बाईंस,
सा. न. वि. वि.

मी आपल्या ताईंचा शेजारी, भूगोलाचा निवृत्त शिक्षक. आपणाकडे माझी ख्याती चहा पिणारा अशी पोचली असावी, आणि ती खरी आहे.

ताईंचं ऑपरेशन आठ दिवस अलीकडे आलं आणि बारा तारखेलाच उरकलं. डोळा उत्तम आहे. आपणास वेळेत कळवता आलं नाही, क्षमस्व. एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्यात मोतीबिंदू, तेव्हा सध्या वाचन आणि लेखन दोन्ही माझ्याकडे आहे.

आपलं पत्र शनिवारी आलं. ताई खुर्चीत सरसावून बसल्या आणि म्हणाल्या, वाचा. दार लावून एकटीने वाचावं असं आपण लिहिलं होतं, पण ते कळेपर्यंत पत्र उघडलेलं होतं. उत्तरपत्रिका आधी नजरेखालून घालायची माझी जुनी सवय, त्यामुळे मी चौथ्या परिच्छेदापर्यंत मनात वाचत गेलो आणि थांबलो. समोर ताई, डोळ्यावर हिरवी झापड, चेहऱ्यावर हसू. डॉक्टरांनी बजावलं होतं की रडायचं नाही, डोळ्यावर ताण नको.

बाई, मला जे सुचलं ते मी केलं. दंतवैद्य आता घोरूही लागला आहे, जेवण बेताचं आहे, थाळ्या आपल्या आपण धुवायच्या असतात, अशी दहा-बारा वाक्यं मी आपल्या नावावर वाचून दाखवली. ताई हसल्या. मग जरा वेळाने म्हणाल्या, आज बोरूचं लिहिणं फारच सुरळीत आहे, कुठं अडलं म्हणून नाही. मी चहा न पिता घरी आलो.

घरी येऊन उरलेलं पत्र वाचलं, तेव्हा कळलं की मी नेमकं काय केलं आहे. आपण तेव्हा तेरा वर्षांच्या होतात. मी बहात्तर वर्षांचा आहे आणि मुलांना खरं बोला म्हणून चौतीस वर्षं सांगत आलो आहे. पट्टी निघायला आठवडाभर आहे. पत्र माझ्या कपाटात, नकाशांच्या गुंडाळीत ठेवलं आहे. पुढे काय करावं ते कृपया कळवा.

आपला स्नेह मागण्याजोगं काही माझ्या हातून घडलेलं नाही, तरी असावा.
आपला नम्र,
शेजारी


दि. २० फेब्रुवारी

आदरणीय मास्तर,
सा. न. वि. वि.

आपलं पत्र वाचून मी हॉलबाहेर पायरीवर बसून राहिले. राग आला नाही. पत्र कपाटात ठेवताना आपल्याला काय वाटलं असेल ते मला चांगलं ठाऊक आहे.

एक मोह झाला तोही सांगते. आपण वाचून दाखवलं नाहीत म्हणजे ताईला माहीत नाही, म्हणजे पत्र परत मागवता येईल. दिवसभर तो विचार मनात घोळत होता. तो उद्याही येईल, म्हणून आजच लिहून धोब्याच्या हाती देते आहे.

मास्तर, ते पत्र ताईला वाचून दाखवा. पट्टी निघायची वाट बघू नका. शब्दाला शब्द वाचा, 'गं'सुद्धा गाळू नका, आणि आवाज मऊ करू नका. साक्ष मऊ करायचा अधिकार लिहून घेणाऱ्याला नसतो आणि वाचणाऱ्यालाही नसतो. आधी डॉक्टरांना तेवढं विचारून घ्या. ती रडेल असं मला वाटत नाही. आपल्याला जायला सांगेल, तेव्हा मात्र गुपचूप जा.

दंतवैद्य घोरत नाही, कृपया तेही सुधारून सांगा.

आपण माझ्या ताईला चहाला सोबत करता, तो लोभ तिच्यावरचा कमी करू नये.
आपली,
बोरू


दि. २४ फेब्रुवारी

चि. बोरूस,
अ. उ. आ.

पट्टी निघाली. डॉक्टरांनी रोज अर्धा तास अक्षरं बघायची परवानगी दिलीय, ती सगळी आज तुझ्यावर उधळते. अक्षर बैलाएवढं आलंय आणि ओळी उतरणीला लागल्यात, तेव्हा लाल पेन्सिल या खेपेस तुझ्या हातात.

मास्तरांनी पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा त्यांना पुरतं वाचता आलं नाही म्हणून दुसऱ्यांदा. मी रडले नाही. त्यांना जायला सांगितलं, ते गेले, आणि तेव्हापासून फिरकलेले नाहीत. आज त्यांना हाक मारणार आहे, दूध नासून चाललंय.

पाकिटात एक कार्ड आहे. आधी ते बघ, मग पुढे वाच.

बघितलंस? आईची सुई आहे, तुझं अक्षर आहे, एकही चूक नाही. आणि 'तसदी'खाली लाल रेघ आहे. ती आज ओढलेली नाही, बोरू. ज्या दिवशी कार्ड आलं त्या दिवशीच ओढली होती.

अगं, आई 'तसदी' म्हणेल? तिने जन्मात कधी 'कृपया' म्हटलं नाही. ती 'ये' म्हणायची, नाही तर 'मर' म्हणायची. मी वाचल्या वाचल्या ओळखलं, की हा शब्द आईचा नाही, हे माझ्या बोरूचे प्रताप. हसले, रेघ मारली आणि खोलीतल्या मैत्रिणीला दाखवलं, की बघ, आमची धाकटी पंडित झाली. मैत्रीण म्हणाली, मग आईने खरं काय सांगितलं असेल? मी विषय बदलला, कारण मला ते कळलं होतं. त्याच्या आदल्याच महिन्यात मी तिचा खोकला कानांनी ऐकून आले होते. नर्स होते गं मी, तो खोकला कसला हे मला कळत होतं.

त्याच आठवड्यात मेट्रनने ऑपरेशन थिएटरसाठी माझं नाव घेतलं होतं. रजा काढली असती तर जागा दुसरीला गेली असती. मी कार्ड पुन्हा वाचलं. लिहिलं होतं, येऊ नये. लिहिलेलंच होतं ना? ते उशीखाली ठेवलं आणि ड्यूटीवर गेले. आठ दिवसांनी जाऊ म्हटलं, मग आणखी चार दिवसांनी.

कार्ड कुणाला का दाखवलं नाही, विचारतेस. दाखवलं असतं तर ती रेघ दिसली असती. खोडरबराने काढायचा प्रयत्न केला होता, कार्ड विरलं पण रेघ गेली नाही. बघ, तिथं कागद पातळ झालाय.

मी आले नाही, मी आले नाही, असं सगळ्यांपुढे म्हणत राहिले, कारण ते म्हटलं की लोक समजूत घालतात. कळूनही आले नाही, असं कधी म्हटलं नाही. तू आईचं सगळं केलंस असं सांगत फिरायची, आणि तू मान खाली घालायचीस. का घालतेस तेही मला माहीत होतं. एका शब्दात तुला मोकळं करता आलं असतं. पण तू मोकळी झाली असतीस तर मी उघडी पडले असते. तेरा वर्षांच्या पोरीची चूक मी शेहेचाळीस वर्षं पांघरून बसले, आणि तिचा श्वास पुरत नाही म्हणून तिला ध्यानाला पाठवलं. माझं मलाच तोंड दाखवू नये असं झालंय.

आईवरचं थांबवू नकोस. पण 'धाकटीने येऊ दिलं नाही' हे वाक्यही अर्धंच आहे. श्वास पुरा गेला असेल तर बाईंच्या रीतीत काहीतरी गफलत आहे, त्यांना सांग. उरलेलं अर्धं मी सांगते, तू लिही. आणि लिहिलेलं वाचून दाखवशील तेव्हा मी कागद बघणार आहे, आधीच सांगून ठेवते.

तू एक तारखेला घरी पोचशील. मशीनला तेल घाल. आठ दिवसांची रजा काढलीय, म्हणजे मास्तरांना झाडांना पाणी घालायला सांगितलंय. दोन तारखेला दुपारच्या गाडीने येते. कोपऱ्यावर गाडी थांबली की मशीन थांबवून खिडकीतून बघ. मी उतरेन.

लोभ मागायचा हक्क माझ्याकडे सोपवलास, तो दोघींच्या वतीने आईकडे मागते.
येण्याची तसदी घेणारी,
तुझी ताई